टाकी आटली तरी साडेसातची बस सुटावी

पेट्रोल-डिझेल फार महागलं किंवा मिळेनासं झालं, तर गोव्यातली सार्वजनिक वाहतूक कशी उभी करायची, यावर या वेळी प्रश्न मागवले होते. गोव्यात तेलविहीर नाही, शुद्धीकरण कारखाना नाही, आणि देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. तरीही आलेल्या पत्रांत तेलापेक्षा 'बस वेळेवर येत नाही' हीच तक्रार अधिक होती. ती विषय सोडून नाही. वेळेवर न येणाऱ्या बसमुळेच माणूस स्कूटर घेतो.

दुपारी आमच्या मार्गावरची बस पाच-सहा माणसं घेऊन धावते. त्यापेक्षा ती माणसं स्कूटरने गेली तर तेल कमी जळणार नाही का? (फोंडा)

त्या एका फेरीपुरतं पाहिलं तर हो, कमी जळेल. मधल्या आकाराची डिझेल बस लिटरला साधारण ५ किलोमीटर जाते. स्कूटर एका माणसाला घेऊन ४५ किलोमीटर जाते. म्हणजे बसमध्ये ९ माणसं असली की दोन्ही बरोबरीत येतात. डिझेलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा थोडी जास्त ऊर्जा असते, म्हणून १० धरा. मोटारीशी तुलना केली तर, शहरात लिटरला १४ किलोमीटर देणाऱ्या आणि एकट्याने चालवलेल्या मोटारीला बस तिसऱ्याच प्रवाशाला गाठते.

हिशेब मात्र एका फेरीचा नाही, दिवसभराचा करायचा. सकाळी फोंड्याहून पणजीला ४० माणसं आणि परतताना ४, तर सरासरी २२. म्हणजे बस स्कूटरच्या दुपटीहून काटकसरीची ठरली. आता 'रिकामी धावते' म्हणून दुपारची फेरी काढून टाका. दुपारी दोनला परतायला बस नाही म्हटल्यावर ज्यांचं काम अर्ध्या दिवसाचं आहे ती माणसं सकाळीही बसने जाणार नाहीत. सकाळचे ४० मग ३० होतात. दुपारची फेरी सकाळची बस भरते, हे वेळापत्रक करणाऱ्यांना ठाऊक असतं. वेळापत्रक कापणारे ते विसरतात.

याच हिशेबाची एक बाजू बसवाल्यांना आवडत नाही, पण ती लपवण्यात अर्थ नाही. विजेची स्कूटर किलोमीटरला २५ ते ३० वॉट-तास खाते, विजेची मधली बस सुमारे ९०० वॉट-तास. इथे बरोबरी ९ वर होत नाही, ३० प्रवाशांवर होते. म्हणजे निव्वळ विजेच्या युनिटांत एकटी विजेची स्कूटर अर्ध्या भरलेल्या विजेच्या बसपेक्षा काटकसरी. बसची बाजू दुसरीकडे भारी आहे. ३० स्कूटर उभ्या करायला जागा लागते, गोव्यातल्या जुलै महिन्यात स्कूटरवरून ३० किलोमीटर जाणं सर्वांच्या आवाक्यातलं नसतं, आणि सत्तरीच्या पुढची माणसं व शाळकरी मुलं स्कूटर चालवत नाहीत.

म्हापसा–पणजी मार्गावर बस सुटते कधी ते कळत नाही. आधी तिठ्यातिठ्यावर रेंगाळते, मग मागची बस दिसली की सुसाट. सगळ्या बस विजेच्या केल्या तर हे सुटेल का? (म्हापसा)

नाही. रेंगाळण्याचं कारण इंजिनात नाही, कमाईच्या पद्धतीत आहे. मालकाची कमाई तिकिटावर आणि ड्रायव्हर-कंडक्टरची त्यातल्या हिश्श्यावर असली, की पुढच्या थांब्यावरचा प्रवासी हा मागच्या बसशी चाललेल्या स्पर्धेतला माल होतो. मागे कोणी नसेल तर थांबून भरायचं, कोणी दिसलं तर पळायचं. रात्री आठनंतर आणि रविवारी माल कमी, म्हणून फेरी बंद. विजेची बसही या पद्धतीत तशीच रेंगाळेल, फक्त धूर न सोडता.

उपाय म्हणजे पैसे किलोमीटरवर द्यायचे. तिकिटाची रक्कम सरकारी कदंब परिवहन महामंडळाकडे जमा, मालकाला ठरलेल्या फेऱ्यांचे किलोमीटरप्रमाणे पैसे. खासगी बस कदंबच्या वेळापत्रकाखाली आणण्याच्या 'म्हजी बस' योजनेमागची कल्पना याच जातीची आहे. पण एवढ्यावर थांबलं तर उलटा रोग जडतो. प्रवासी घेतला काय न घेतला काय, पैसे तेच, म्हणून ड्रायव्हर थांब्यावर थांबतच नाही. त्यासाठी करारात तीन गोष्टी हव्यात. पहिल्या थांब्यावरून सुटण्याची वेळ ५ मिनिटांहून जास्त चुकली की त्या फेरीची कपात. थांबा गाळला की दंड, आणि तो बसमधल्या स्थानदर्शक यंत्राच्या नोंदीवरून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. शिवाय प्रवासीसंख्येवर छोटा बोनस, एकूण रकमेच्या दहा टक्क्यांच्या आत. तो मोठा केला की पुन्हा शर्यत सुरू.

आता तेलाचा हिशेब. म्हापसा–पणजी अंतर सुमारे १३ किलोमीटर. गर्दीच्या वेळी एका दिशेला ४० मिनिटं आणि दोन्ही टोकांना ५-५ मिनिटं थांबा धरला तर पूर्ण चक्कर ९० मिनिटांची. दर १० मिनिटांना बस हवी तर ९० भागिले १०, म्हणजे ९ बस लागतील, वर एक राखीव. रेंगाळण्यामुळे तीच ४० मिनिटं ५० झाली तर चक्कर ११० मिनिटांची, आणि त्याच १० मिनिटांच्या सेवेला ११ बस. दोन बस, चार ड्रायव्हर आणि त्यांचं डिझेल केवळ उभं राहण्यासाठी. उभ्या बसचं चालू इंजिनही तासाला दोनेक लिटर पितं.

ती १० मिनिटं परत मिळवायला उड्डाणपूल लागत नाही. वाटेत २० थांबे असतील आणि दर थांब्यावर अर्धा मिनिट वाचला, तर १० मिनिटं झाली. दारात पैसे देत चढणाऱ्या माणसाला ५-६ सेकंद लागतात, तिकीट आधीच हातात असेल तर २-३. पणजी–मडगाव शटलला खिडकीवर तिकीट काढून रांगेने चढण्याची सवय गोव्याला आहेच. तीच खिडकी गर्दीच्या वेळी पर्वरीसारख्या चार-पाच मोठ्या थांब्यांवर ठेवली तरी फरक पडेल. पुढच्या दाराने चढायचं, मागच्याने उतरायचं हा नियम कागदावर सोपा आहे. दारापाशी उभं राहण्याची आपली सवय तो मोडते, म्हणून पहिले दोन महिने कंडक्टरने दारात नव्हे, मध्ये उभं राहावं.

बसची वाट पाहण्याचा काळही यातच दडलेला आहे. दर १० मिनिटांना नीट अंतराने बस आली तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. तेवढ्याच बस दोन-दोनच्या जोडीने २० मिनिटांनी आल्या तर सरासरी १० मिनिटं, आणि जोडीतली मागची बस रिकामी. डिझेल तेवढंच जळलं, सेवा अर्धी झाली.

वाळपईच्या पुढच्या आमच्या गावात दिवसाला तीन बस येतात. गावाला जास्त बस मिळणार कशा, आणि त्या परवडणार कशा? (सत्तरी)

प्रत्येक गावातून थेट पणजीला बस, ही मागणी स्वाभाविक आहे. पण तीच गावांना तीन फेऱ्यांवर अडकवून ठेवते. ५० किलोमीटर थेट जाणारी बस दिवसात तीनदाच येऊ शकते. तीच बस गाव ते वाळपई एवढीच फिरवली तर दर तासाला येते. अट एकच, वाळपईला पुढची बस वाट पाहत उभी असली पाहिजे.

ही रचना अशी बसते. वाळपई स्थानकावर दर तासाच्या ५५व्या मिनिटाला पणजीची आणि म्हापशाची बस पोचते. त्याच सुमारास आजूबाजूच्या गावांच्या बस येतात. सगळ्या ७ मिनिटं एकत्र उभ्या राहतात, माणसं बदलतात, आणि पुढच्या तासाच्या २ऱ्या मिनिटाला सगळ्या सुटतात. सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी जे घडतं तेच आठ वाजून दोन मिनिटांनी, नऊ वाजून दोन मिनिटांनी. वेळापत्रक पाठ करायला लागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये रेल्वे आणि डोंगराळ गावांच्या बस याच पद्धतीने अनेक दशकं जोडलेल्या आहेत.

गणित जुळवायचं ते चक्करीच्या वेळेचं. गाव १० किलोमीटरवर आहे, बसला २५ मिनिटं लागतात. जाऊन-येऊन ५०, स्थानकात १०, एकूण बरोबर ६०. एका बसमध्ये तासाला एक फेरी बसली. गाव १४ किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ७० मिनिटं, ती तासात मावत नाहीत. इथे बहुतेक नियोजन फसतं. 'ड्रायव्हर थोडं दामटेल' असं धरून कागदावर ६० लिहिलं जातं आणि दुपारपर्यंत सगळी साखळी अर्ध्या तासाने घसरते. खरा मार्ग असा की ७० मिनिटांच्या या गावाला ४० मिनिटांच्या जवळच्या गावाशी जोडावं. ७० अधिक ४० म्हणजे ११०, स्थानकात दोनदा ५-५ मिनिटं, एकूण १२०. एकच बस दोन्ही गावांना दर दोन तासांनी न चुकता मिळते. तीन फेऱ्यांच्या जागी सात झाल्या.

नियम आधीच लिहून ठेवा. मुख्य बस ५ मिनिटांपर्यंत उशिरा आली तर गावच्या बस थांबतील, त्याहून जास्त नाही. नाहीतर एका बसच्या उशिरामुळे सहा गावं लटकतात. अपवाद शेवटच्या फेरीचा, ती पणजीची शेवटची बस येईपर्यंत सुटायची नाही, मग रात्रीचे दहा वाजोत. माणूस एकदा रात्री स्थानकात अडकला की पुढच्या महिन्यात हप्त्यावर स्कूटर घेतो. शाळेच्या वेळेला या साखळीत कोंबू नका. सकाळ-दुपारची शाळेची फेरी वेगळी बस लावून करा. ड्रायव्हरच्या जेवणासाठी दुपारी एक बदली ड्रायव्हर ओळीने सगळ्यांना सोडवत जाईल अशी पाळी लावा, नाहीतर जेवणाच्या तासाला साखळी तुटते.

स्थानकात सहा बस एकाच वेळी उभ्या राहतील आणि पुढचीला न अडवता बाहेर पडतील अशा तिरप्या फलाटांची जागा लागते. एका बसमधून दुसऱ्या बसपर्यंत ४० मीटरच्या आत आणि छपराखालून जाता आलं पाहिजे. गोव्यातल्या पावसात छप्पर नसलेली बदली ही बदलीच नव्हे.

खर्च पाहा. २० किलोमीटरची चक्कर, दिवसाला १४ वेळा, म्हणजे २८० किलोमीटर आणि लिटरला साडेपाच धरले तर सुमारे ५१ लिटर डिझेल. पुढे ही बस विजेची करायची झाली, तर स्थानकातली दर तासाची १० मिनिटं चार्जिंगला उपयोगी पडतात. पण आधी वेळापत्रक बसवा, बॅटरी मागून.

विजेच्या बसच्या डेपोला नेमकी किती वीज लागते? आमच्या भागात पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा काय? (पर्वरी)

१२ मीटर लांबीच्या २० बस धरू. प्रत्येकी दिवसाला २०० किलोमीटर, वातानुकूलनासह किलोमीटरला १.२ युनिट. झाले ४,८०० युनिट. चार्जरमध्ये आणि बॅटरीत जाणारी तूट धरून सुमारे ५,३००. रात्री ११ ते पहाटे ५ या ६ तासांत हे भरायचं तर सरासरी ८८० किलोवॉट. म्हणजे ११ केव्हीची उच्चदाब जोडणी आणि १,००० ते १,२५० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर. गावातल्या खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरचं हे काम नाही. जोडणीला बस येण्यापेक्षा जास्त महिने लागतात, म्हणून अर्ज बसच्या ऑर्डरच्या आधी करावा.

चार्जर २० नकोत. १२० किलोवॉटचे १०, प्रत्येकाला बसला जोडायच्या दोन नळ्या, पुरतात. मात्र सगळ्या बस रात्री दहाला आल्या आल्या एकदम लावल्या तर मागणी करारापेक्षा वर जाते आणि वीजबिलात दंड येतो. एकूण भार ९०० किलोवॉटच्या वर जाऊ न देणारी नियंत्रण यंत्रणा चार्जरबरोबरच मागावी. ती नंतर बसवायला गेलं की दोन कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलत नाहीत.

बॅटरीचा आकडा जाहिरातीत दिसतो तसा वापरता येत नाही. २५० युनिटांच्या बॅटरीतले ८० टक्के, म्हणजे २०० युनिट धरा. १.२ ने भागले की साधारण १६५ किलोमीटर. २०० साठी दुपारी अर्धा तास वरचं चार्जिंग लागतं. सात-आठ वर्षांनी बॅटरीची क्षमता पाचवा हिस्सा घटली की हेच १६५ मग १३० होतात. बसच्या पाळ्या पहिल्याच दिवशी जुन्या बॅटरीवर आखाव्यात. नव्या बॅटरीवर आखलेलं वेळापत्रक पाचव्या वर्षी मोडतं आणि दोष बसला लागतो.

पर्वरीला आणखी एक बारीक गोष्ट. डेपो पठारावर, सकाळची पहिली धाव उताराची. उतारावर मोटर वीज परत देते, पण पूर्ण भरलेली बॅटरी ती घेऊ शकत नाही, आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. अशा बस ९० टक्क्यांवर थांबवाव्यात.

पावसाळ्यातलं खरं संकट वीज जाण्यापेक्षा ओल हे आहे. चार्जरच्या नळीच्या तोंडात ओल शिरली की यंत्राला विद्युतरोधात दोष दिसतो आणि ते आपोआप बंद पडतं. ते बरोबरच आहे, जीव वाचवण्यासाठीच तसं केलेलं असतं. पण रात्री एकला बंद पडलेलं यंत्र पहाटे पाचला लक्षात येतं आणि तीन बस ४० टक्क्यांवर सापडतात. म्हणून नळ्या तोंड खाली करून, छपराखालच्या खोबणीत अडकवाव्यात. रात्री १ आणि ३ वाजता माणसाने फेरी मारावी, आणि बंद पडलेल्या चार्जरची घंटा पहारेकऱ्याच्या खोलीत वाजावी. खाऱ्या हवेने तांब्याच्या जोडांवर हिरवट थर येतो, जोड गरम होतो. मे महिन्यात आणि नोव्हेंबरमध्ये जोड उघडून, घासून, ठरल्या ताकदीने आवळावेत, अर्थिंग मोजावं. चार्जरचा चौथरा त्या जागी आजवर चढलेल्या पाण्याच्या खुणेपेक्षा निदान दोन फूट वर हवा. पणजीतल्या पाटोसारख्या भराव घातलेल्या सखल भागात हे आधी पाहावं.

वीज जाण्यावर उत्तर म्हणजे दोन वेगळ्या उपकेंद्रांवरून दोन वाहिन्या. डिझेल जनित्राने सगळा डेपो चालवणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. दोन-तीन चार्जरपुरतं ठेवा. पहिली काही वर्षं पाचवा हिस्सा बस डिझेलच्या राखीव असाव्यात.

छपरावर सौर पट्टे जरूर लावा, पण अपेक्षा मोजून ठेवा. एका बसच्या उभं राहण्याच्या जागेवर, मार्गिकेसह, साधारण ६० चौरस मीटर छप्पर मिळतं. त्यावर ६ किलोवॉट बसतात, दिवसाला सरासरी २४ युनिट मिळतात. म्हणजे २० किलोमीटर. उरलेले १८० किलोमीटर ग्रिडमधून, आणि ग्रिडमधली बहुतांश वीज आजही कोळशाची. विजेच्या बसने तेल वाचतं हे शंभर टक्के खरं. कोळसा आपोआप वाचत नाही.

इथेनॉल, सीएनजी, गोबरगॅस यांवर बस चालवता येणार नाहीत का? (धारबांदोडा)

इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतं, बस डिझेलवर चालतात, आणि लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते. सीएनजी चांगला, पण देशाचा निम्म्याच्या आसपास नैसर्गिक वायूही आयातच होतो. ओल्या कचऱ्याचा वायू मात्र हिशेबात घेण्यासारखा आहे. एक टन ओल्या, नीट वेगळ्या केलेल्या कचऱ्यातून शुद्ध करून सुमारे ४० किलो वायू मिळतो, आणि शहरी बस किलोला साधारण ३ किलोमीटर जाते. १०० टन म्हणजे दिवसाला १२,००० किलोमीटर, ६० बसचं काम. अडचण यंत्राची नसते, कचऱ्याची असते. नारळाच्या करवंट्या, प्लास्टिक आणि शहाळी आली की उत्पादन निम्म्यावर येतं. साळगावच्या प्रकल्पात कचऱ्याच्या वायूपासून वीज होते. तोच वायू बसला द्यायचा तर शुद्धीकरण आणि दाबाने भरण्याची वेगळी यंत्रणा लागेल.

चोडण-दिवाडीच्या फेरीबोटी विजेवर चालतील का? (दिवाडी)

चालतील. आपल्या फेरीचं अंतर बॅटरीला सोयीचंच आहे. केरळात वेंबनाड तलावावर ७५ प्रवाशांची सौर बोट 'आदित्य' २०१७ पासून चालते, आणि कोचीची १०० प्रवाशांची जलमेट्रो एप्रिल २०२३ पासून. पण त्या माणसांच्या बोटी आहेत. आपल्या फेरीवर मोटारी चढतात, आणि पावसाळ्यात मांडवीची ओढ वेगळीच असते. हिशेब असा करा: ३० किलोवॉटची मोटर ६ मिनिटं चालली तर ३ युनिट, दिवसाला ६० फेऱ्या म्हणजे १८० युनिट. विजेच्या एका बसएवढंच झालं. यावर ओहोटीच्या जोरात, एक मोटर बंद असताना, दोनदा पलीकडे जाता येईल एवढा साठा कायम राखीव हवा.

फसतं ते धक्क्यावर. भरती-ओहोटीत पाण्याची पातळी दोन मीटरच्या आसपास वर-खाली होते. काठावर पक्का बसवलेला चार्जर सकाळी पोचतो, दुपारी पोचत नाही. वायर झुलत्या हातावर किंवा तरंगत्या तराफ्यावर हवी.

बोट बदलण्याआधीही एक गोष्ट करता येते. एक मोटार डेकवर दहा चौरस मीटर जागा घेते, तेवढ्यात पंचवीस-तीस माणसं उभी राहतात. पलीकडच्या काठावर फेरीच्या वेळेला जोडलेली छोटी बस असेल तर माणूस वाहन घरी ठेवून चालत चढेल. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा पणजी आणि बार्देश यांच्यातली ये-जा बोटींनीच सांभाळली. ते संकट होतं, पण बोट किती माणसं ओढू शकते तेही तेव्हा दिसलं.

गोव्यात मेट्रो का नको? (मडगाव)

मेट्रोला एका दिशेला तासाला वीस-तीस हजार माणसं लागतात. दर मिनिटाला ६० माणसांची एक बस सोडली तर ३,६०० होतात, आणि गोव्यातला कुठलाही मार्ग तिथवर पोचला की मग बोलू. मडगावकरांना स्कायबस, म्हणजे उंच खांबांवरच्या मार्गाला लटकून धावणारी गाडी, आठवत असेलच. १.६ किलोमीटरचा प्रायोगिक मार्ग, २००४ ची दुर्घटना, आणि मग वर्षानुवर्षं उभे राहिलेले खांब.

कुळे–वास्को रेल्वे आमच्या दारातून जाते, पण आम्ही बसनेच जातो. (कुडचडे)

कारण तिच्या फेऱ्या मोजक्या आहेत आणि मडगाव स्थानकावर उतरल्यावर पुढची बस कधी ते ठाऊक नसतं. कुळे, सावर्डे, चांदर, मडगाव, माजोर्डा, कासावली, दाबोळी, वास्को ही ओळ गोव्याच्या दाट वस्तीतून जाते. कोकण रेल्वेचंही विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं आहे. विजेच्या रेल्वेला तेल लागत नाही. मार्ग एकेरी आहे तिथे लांब पल्ल्याच्या गाड्यांना आधी वाट द्यावी लागते, म्हणून लोकल दर १५ मिनिटांना मागू नये. दर दोन तासांना, ठरल्या मिनिटाला एक गाडी आणि तिच्या आगमनानंतर १० मिनिटांनी मडगाव व वास्को स्थानकांच्या दारातून बस, एवढं मागावं. करमळी आणि थिवी स्थानकांना हाच नियम. पणजी आणि म्हापसा तिथून दहा-अकरा किलोमीटरवर, आणि आज ते अंतर टॅक्सीचं आहे.

उद्या सकाळी डिझेल निम्म्यावर आलं तर पहिल्या आठवड्यात नेमकं काय करायचं? (पेडणे)

देशाचा राखीव साठा विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथे भूमिगत गुहांत आहे, क्षमता ५३ लाख टनांच्या आसपास, देशाची साडेनऊ दिवसांची गरज. तेही कच्चं तेल. त्यामुळे डेपोच्या टाकीवर भिस्त ठेवावी लागते. ६० बसचा डेपो रोज साधारण २,७०० लिटर वापरतो. २०,००० लिटरची टाकी भरलेली असली तर सात दिवस मिळतात, अर्धी असली तर साडेतीन. म्हणून टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही, हा नियम आजपासूनच. पावसाळ्यात टाकीत पाणी उतरतं. मोजपट्टीच्या टोकाला पाणी दाखवणारी पेस्ट लावून रोज सकाळी पाहावं. संकटाच्या दिवशी तळातलं डिझेल ओढलं की हेच पाणी इंजिनात जातं.

कपात करताना पहिली आणि शेवटची फेरी कापू नका, कुठलाही मार्ग पूर्ण बंद करू नका. १० मिनिटांचं अंतर १५ करा. चक्कर ९० मिनिटांचीच, त्यामुळे ९ ऐवजी ६ बस, एक-तृतीयांश डिझेल वाचलं. दामटून चालवणं थांबलं, मिनिटाहून जास्त थांब्याला इंजिन बंद ठेवलं, टायरची हवा दर सोमवारी मोजली, तर आणखी दहाएक टक्के.

मग बस कमी आणि गर्दी जास्त, हे कसं जुळवायचं? वेळा हलवून. सगळे साडेआठ ते साडेनऊ या एका तासात निघाले तर ९० मिनिटांची चक्कर असलेली बस गर्दीच्या दिशेने एकदाच उपयोगी पडते. शाळा ८ ला, कारखान्यांची पाळी साडेआठला, सरकारी कचेऱ्या ९:३० ला, दुकानं-बँका १० नंतर अशी गर्दी अडीच तासांवर पसरली तर तीच बस दोनदा भरून जाते. बस एकही न वाढवता. यासाठी आदेश सरकारचा लागतो, पण पंचायत आपल्या शाळेपासून सुरुवात करू शकते.

डिझेल वाटपाचा क्रम आधी जाहीर असावा: रुग्णवाहिका आणि अग्निशमन, फेरीबोटी, बस, पाण्याचे टँकर, मासेमारी, मग बाकीचे. क्रम त्या दिवशी ठरवायला बसलं की पंपावर हातघाई होते.

बस सुधारल्या तर मोटारसायकल पायलटांचं, म्हणजे भाड्याने मागे बसवून नेणाऱ्यांचं, काय? (वास्को)

त्यांचं काम वाढेल. बस मुख्य रस्त्यावर धावेल तेव्हा वाड्यापर्यंत सोडायला कोणीतरी लागेलच, आणि परवाना असलेली ही सोय गोव्यात आधीपासून आहे. पायलट दिवसाला ६० ते ८० किलोमीटर फिरतो, म्हणजे विजेच्या गाडीला दोन-अडीच युनिट. स्टँडवर घरगुती मीटर नको, १५ अँपिअरचे चार प्लग पुरेत. ते पत्र्याच्या आत, जमिनीपासून दीड मीटरवर, गळती पकडणाऱ्या ब्रेकरसकट बसवावेत, आणि प्रत्येक प्लगला वेगळा मीटर असावा, म्हणजे बिलावरून स्टँडवर भांडण होणार नाही.